कवड्या आणि त्याचे सोयरे

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आमच्या भंडारा जिल्ह्यात हलक्या धानाच्या कापणीचा, भिंतींना चुना देण्याचा आणि सापांचा असतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. तिसरीबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. सणासुदीला असले नाव काढू नये, असे जुन्या माणसांना वाटते. आमच्याकडे तर दिवे लागल्यावर 'साप' हा शब्दच कोणी उच्चारीत नाही, 'जनावर' म्हणतात. जणू काय नाव घेतले की स्वारी ओ देत दाराशी येऊन उभी राहणार आहे!

पण नाव घ्या किंवा घेऊ नका, घर आवरायला काढले की ती येतेच. माळ्यावरची पितळी भांडी घासायला खाली उतरतात, कोपऱ्यातली रिकामी पोती हलतात, सरपणाचा ढीग इकडचा तिकडे होतो, आणि त्यातून कोणी तरी वेटोळे सोडून, गडबडून बाहेर निघते. त्या बिचाऱ्याचा दिवाळीशी काही संबंध नसतो. पावसाळाभर आपल्या घरातल्या पाली आणि उंदीर खाऊन त्याने गुपचूप संसार केलेला असतो. एके सकाळी अचानक त्याच्या डोक्यावरचे छप्परच कोणी तरी उचलते. मग एकच कल्लोळ होतो, लहान मुले खाटेवर चढतात, पुरुषमाणसे काठी शोधू लागतात, आणि एखादे पोरगे माझ्या घराकडे धावत सुटते.

माझ्याकडे का, ते सांगितले पाहिजे. मी शाळेत मराठी शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी काही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि त्या छापूनही आल्या आहेत. पण गावात त्या कोणी वाचल्याचा पुरावा अद्याप माझ्या हाती आलेला नाही. गावात माझी जी काही कीर्ती आहे ती 'सरपवाले गुर्जी' म्हणून. आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेले. पण साप निघाला म्हटले की ते टेबलावर चढतात आणि मला बोलावणे धाडतात.

या व्यसनाचे मूळही वाङ्मयीनच आहे. एका कादंबरीत नायकाच्या काकांना मला सर्पदंशाने मारायचे होते. कोणत्या सापाने मारावे, किती वेळात मारावे, मरताना काका काय काय बोलू शकतील, एवढे विचारून घ्यावे म्हणून मी एका जाणत्या सर्पमित्राकडे गेलो. तिथून पुस्तके आणली, ती वाचली, त्यांतली चित्रे पाहिली, आणि पाहता पाहता त्यातच बुडालो. कादंबरी मागे पडली. काका अजून जिवंत आहेत.

आमचा मुलूख सापांना मानवणारा आहे. वैनगंगा मधोमध वाहते, आणि दोन्ही अंगांना तळीच तळी. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधासारखे मोठे जलाशय तिकडे गेले. तरी 'तळ्यांचा जिल्हा' हे नाव आमच्याकडे टिकून राहिले. यांतली कित्येक तळी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेली. पाणी कुठे वळते आणि कुठे तुंबते हे डोळ्यांनी ओळखणारी ती माणसे होती. तळे आले की धान आले. धान आले की बांधीत बेडूक आणि घरात उंदीर आले, कौलांखाली पाली आल्या. एवढे सगळे वाढून ठेवल्यावर जेवणारा येणारच! आणि पुन्हा आपली घरे कौलारू, मातीच्या भिंतींची, कोपऱ्याकोपऱ्यात तणसाचे ढीग असलेली. आता सिमेंटची घरे पुष्कळ झाली. पण त्यांच्याही न्हाणीला मोरी असतेच.

त्या मोरीतून निघणारा सर्वांत लहान पाहुणा म्हणजे वाळा. वीतभरही लांब नाही, आगपेटीतल्या काडीपेक्षा थोडा जाड, काळपट तपकिरी, आणि दोन्ही टोके सारखीच. पावसाळ्यात न्हाणीच्या फरशीवर तो वळवळू लागला की कोणी त्याला गांडूळ समजून पाणी ओतते, तर कोणी सापाचे पिलू समजून किंचाळते. दोन्ही समजुती चूक. गांडूळ ओलसर, बुळबुळीत असते आणि त्याच्या अंगावर वळी दिसतात. वाळा कोरडा, चकचकीत, बारीक खवल्यांचा. थोडा वेळ थांबलात तर तो इवलीशी जीभ बाहेर काढतो. मग शंका राहत नाही, कारण गांडुळाला जीभ काढता येत नाही. वाळा हा पिलू नसून पुरा वाढलेला साप असतो. त्याचे डोळे खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके. उजेड आहे की अंधार एवढे त्याला कळत असेल. त्याहून जास्त जग पाहण्याची त्याला हौसही नाही. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खावीत आणि मातीत पडून राहावे, एवढाच त्याचा संसार. तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो असे गावोगाव सांगतात. वाचकहो, त्याला कानाशी काहीही कर्तव्य नाही. तुमच्या कानात वाळवीची अंडी नाहीत.

या क्षुद्र जीवाची एक गोष्ट मात्र मोठी नवलाची आहे. वाळ्यांत नर नसतोच. सगळ्या माद्या. नराशिवायच त्या अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे एक वाळा एका कुंडीच्या मातीतून परगावी गेला की तिथे त्याची वसाहत सुरू! अशा कुंड्यांतून आणि रोपांच्या मातीतून हा आपल्याकडचा साप आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातली बेटे अशा कुठल्या कुठे पोचला आहे. इंग्रजीत त्याला कुंडीतला साप असेच एक नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टराने १७९६ साली आपल्याकडच्या सापांवर मोठा चित्रांचा ग्रंथ काढला. त्यात हा होता. पुढे १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यात 'ब्राह्मण' हा शब्द घातला. मुंग्यांची अंडी खाणाऱ्याला ब्राह्मण! सौ.ला मी ही नर नसल्याची हकीकत सांगितली, तेव्हा ती करंजीला मुरड घालीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणूनच इतक्या लांबवर पसरल्या. अडवायला कोणी नव्हतं ना!"

बांधीत आणि विहिरीच्या काठी भेटते ती नानेटी. अंगावर लांबच लांब दोन पिवळसर पट्टे, स्वभाव अगदी गरीब. रोवणीला गेलेल्या बाया तिला हाताने बाजूला सारतात आणि पऱ्ह्यांची पुढची जुडी उचलतात. दिवडाची गोष्ट निराळी. तो विषारी नाही, पण तापट आहे. डिवचला की कडकडून चावतो, रक्त काढतो, आणि चावून घेणाऱ्याला आठवडाभर सांगायला गोष्ट देतो. धामण सर्वांना ठाऊक आहे. तिच्याबद्दल 'गाईचे दूध पिते', 'शेपटीने मारते' वगैरे जे बोलले जाते त्यात तथ्य नाही. ती उंदीर खाते आणि धान वाचवते. तस्कर म्हणून एक सुरेख तपकिरी साप आहे. आता तस्कर म्हणजे चोर! घरात येऊन हा उंदीर तेवढे नेतो आणि त्याबद्दल त्याला हे नाव. नावे ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

मांडुळाबद्दल मात्र मला रागच येतो. सापाचा नव्हे, माणसांचा. जाड, बोथट शेपटीचा, मातीत राहणारा हा निरुपद्रवी साप. शेपूट तोंडासारखी दिसते म्हणून त्याला 'दुतोंड्या' म्हणायचे, आणि गुप्तधन दाखवतो म्हणून लाखांच्या भावाने त्याची चोरटी विक्री करायची! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली लोक पकडले जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्याला धन सापडते तो साप विकील कशाला, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही.

पण हे सगळे वरवरचे. घरातल्या सापांत ज्याच्यासाठी माझी झोप उडते तो कवड्या.

कवड्या दीड-दोन फुटांचा, तपकिरी अंगाचा, त्यावर पांढरट आडवे पट्टे; कवड्यांची माळ ओवल्यासारखा. तो पाली खातो. पाल जिथे तिथे कवड्या: कौलांत, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, दिव्याखाली. उभ्या भिंतीवर तो असा चढतो की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. त्याला विष नाही. पुढचे दात जरा मोठे, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला लांडग्याच्या दातांचा असे ग्रीक नाव दिले आहे. पण दात लांडग्याचे असले तरी जीव पालीएवढाच.

आणि मण्यार काळी, निळसर झाक मारणारी, चकाकणारी, आणि तिच्या अंगावरही पांढरे आडवे पट्टे! ती आपल्या देशातल्या अत्यंत विषारी सापांपैकी एक. तीही रात्रीच हिंडते आणि तीही घरात येते. एकाच्या नावात कवडी, दुसरीच्या नावात मणी. मराठी शिकवणारा माणूस म्हणून मला वाटते की आपल्या पूर्वजांनी दोघांच्या गळ्यांत वेगवेगळ्या माळा घालून ठेवल्या होत्या. आपणच त्या पाहायचे विसरलो. कवड्याने मण्यारीचे सोंग घेतले आहे, असे काही जाणकार मानतात. विषारी सापासारखे दिसले की मुंगूस, घुबड वगैरे मंडळी चार हात दूर राहतात. रानात हे सोंग त्याला तारीत असेल. आमच्या दंडारीतला सोंगाड्या जसा रंग पुसल्याशिवाय घरी गेला तर कुत्री अंगावर येतात, तसे कवड्याचे होते: रानातले सोंग घेऊन तो माणसाच्या घरात शिरतो आणि काठीखाली मरतो. "मन्यार मारलो, गुर्जी!" असे अभिमानाने सांगत लोक मला दाखवायला आणतात, त्यांत बहुतेक वेळा कवड्याच असतो.

तर मग फरक ओळखायचा कसा? पुस्तके सांगतात, आणि मीही पुष्कळ वेळा पाहिले आहे, की कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद आणि ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट. तिचे पट्टे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात, बारीक असतात, पुष्कळदा दोन-दोन जवळजवळ असे जोडीने येतात, आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे डोके चपटे, मानेहून रुंद. मण्यारीचे डोके आणि मान जवळपास सारखीच.

एवढे वाचून जो कोणी कंदील घेऊन सापाजवळ जाईल त्याला मी आधीच हात जोडतो. कारण काही कवड्यांच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातच. म्हाताऱ्या मण्यारीचे पुढचे पट्टे पुसून जातात. मण्यारीच्या पिलाला अगदी मानेजवळही खुणा असतात. कुकरी नावाचा आणखी एक बिनविषारी साप तपकिरी अंगावर काळे पट्टे घेऊन मध्येच येतो आणि गोंधळ वाढवतो. त्याच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात, पण त्या पाहायला डोक्याजवळ जावे लागते! दिव्याच्या पिवळ्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी, अर्धा साप पोत्याआड असताना पट्टे मोजणे हे परीक्षेतल्या पेपरासारखे सोपे काम नाही. आणि या परीक्षेत नापास होणारा पुन्हा बसत नाही.

दोन वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास मोबाईल वाजला. आमच्या गावापासून जवळच्याच एका वाडीतला माझा जुना विद्यार्थी. त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता आणि तो विचारीत होता, "गुर्जी, हा कवड्याच ना जी? तुमी शाळेत शिकवले होते, कवड्या साधा रायते म्हनून."

फोटो हललेला. धानाचे पोते, मातीची भिंत, आणि त्यांच्या सांदीत काळसर अंगाचा चार बोटे तुकडा. त्यावर एक पांढरी रेघ, कदाचित दोन. मी चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि मग विचारले, "चावला का कोणाला?"

थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "बायकोच्या बोटाले काई तरी टोचल्यासारखे झाले म्हनते. खाली झोपली होती. सूज नाई, आग नाई. मी म्हनलो उंदीर असन. पन आता पोट दुखते म्हनते."

माझा एक जुना नियम आहे. दंश झाल्यावर सापाचे नाव मी सांगत नाही. नाव सांगण्याची वेळ दंशाच्या आधीची असते. नंतरची वेळ गाडीची असते. मी त्याला म्हणालो, "नाव राहू दे. गाडी काढ. तिला चालू देऊ नको, हात हलवू देऊ नको, दोरी बांधू नको, चिरा देऊ नको. सरळ दवाखान्यात ने."

मागून म्हाताऱ्या माणसांचे आवाज येत होते. शेजारच्या गावात मंत्र टाकणारा एक आहे. आधी तिकडे न्यावे, तो जवळ आहे, सूजसुद्धा नाही तर घाई काहून, असे चालले होते. त्यांचेही चुकत नव्हते. जन्मभर त्यांनी जे पाहिले त्यात घोणशीचा दंश भयंकर सुजतो, असह्य दुखतो. मग जिथे काहीच दिसत नाही तिथे विष कसे असेल? मण्यारीची मेख इथेच आहे. तिचे दात बारीक; दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. झोपेत कुशीवर वळलेल्या माणसाला ती चावते, आणि तो पुन्हा झोपी जातो. काही तासांनी पोटात कळा येतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द जड होतात, आणि शेवटी छातीला श्वास ओढण्याची शक्ती राहत नाही. मी फोनवर त्या मुलाला, ज्याला मी कधी काळी छडी मारली होती, पहिल्यांदाच ओरडून बोललो. त्याने शेजाऱ्याची जीप काढली.

उजाडता उजाडता त्या बाईच्या पापण्या मिटल्या. पण तोवर ती जिल्ह्याच्या ठिकाणी खाटेवर होती आणि हातात सुई होती. सर्पविषावरचे हे औषध घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून तयार करतात. आपल्या मुंबईच्या हाफकीन संस्थेनेही ते वर्षानुवर्षे केले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर ते एकच औषध चालते, म्हणूनच डॉक्टरांना साप पकडून नेऊन दाखवावा लागत नाही. मण्यारीच्या दंशात मात्र कधी कधी औषधाला वेळ लागतो आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. त्या बाईचा दोन दिवस चालवला. चौथ्या दिवशी तिने चहा मागितला, आणि चहा फिका आहे म्हणून नवऱ्यावर रागावली. हे मला तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितले तेव्हा तो रडत होता.

नंतर एका दुपारी मी तो फोटो सावकाश पाहिला. रेघा दोन होत्या, जवळजवळ, जोडीने.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. म्हणजे रोवणीच्या आणि निंदणाच्या दिवसांतली. आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांची. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, आणि या मृत्यूंतले बहुतेक चारच जातींच्या माथी आहेत. बाकीच्यांना आपण त्या चौघांच्या नावाने मारतो. आणि ज्या घरात कवड्याला कवड्या म्हणून ओळखायला शिकवले, त्याच घरात एखाद्या रात्री मण्यारीलाही कोणी तरी कवड्या म्हणते. मी शाळेत हे शिकवतो तेव्हा हा दुसरा विचार माझ्या मानेवर बसलेला असतो.

म्हणून गेल्या वर्षापासून मी वर्गात जिवंत सापाबद्दल कमी बोलतो आणि कातीबद्दल जास्त. कात चावत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत ती घरोघर सापडते: पोत्यामागे, कौलाच्या पन्हळीत, सरपणात. पूर्वी मुले वहीत मोरपीस ठेवीत, तशी आमच्या आठवीच्या वर्गाची मुले आता कात आणतात. मी त्यांना ओल्या फडक्याने ती हलकेच मऊ करायला शिकवले आहे. मग अंगाच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडव्या अंगाने खवल्यांच्या ओळी मोजायच्या. कवड्याच्या सतरा भरतात, मण्यारीच्या पंधरा. मण्यारीच्या पाठीवरची मधली ओळ मोठ्या, षट्कोनी खवल्यांची असते. मधमाशीच्या पोळ्यातली एक रांग उचलून पाठीवर ठेवल्यासारखी. आता पंधराचा मक्ता एकट्या मण्यारीने घेतलेला नाही. झाडावरच्या रुक्याच्याही पंधराच ओळी असतात आणि त्याचीही मधली ओळ रुंद असते. मग शेपटीची खालची बाजू पाहायची. कवड्याच्या आणि रुक्याच्या शेपटीखाली खवल्यांच्या जोड्या असतात, मधून भांग पाडल्यासारख्या. मण्यारीच्या शेपटीखाली भांग नसतो. एकेक अखंड खवला.

मुलांना हे गणित फार आवडते. गणिताच्या मास्तरांना ते फारसे आवडत नाही, कारण त्यांच्या तासालाही मुले बाकाखाली खवले मोजतात. आतापर्यंत वर्गात आलेल्या काती बहुतेक धामणीच्या आणि कवड्याच्या होत्या. एकदा नागाची पुरी कात आली, फण्यासकट, तेव्हा मधल्या सुट्टीत सगळी शाळा आमच्या वर्गात जमली.

यंदा नवरात्र उतरल्यावर एक मुलगी वहीत घडी करून कात घेऊन आली. वर्गात सहसा न बोलणारी ही पोर. तिचे आईवडील नागपूरला कामाला असतात आणि ती इथे आजीजवळ राहते. तास संपेपर्यंत ती गप्प होती. सगळे गेल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, "गुर्जी, पंधरा भरल्या. तीनदा मोजली मी."

"मधली ओळ?"

"मोठी हाय."

"आणि शेपटीखाली?"

तिने कात उलटी करून माझ्यापुढे धरली. मी चष्मा लावला, खिडकीशी गेलो, आणि नखाच्या टोकाने एकेक खवला पाहत शेवटापर्यंत आलो. भांग नव्हता.

"कुठे सापडली?"

"आजीच्या अंथरुणाखाली. भिताडाले बोगदा हाय तिथं."

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. मी, ती, आणि तालुक्याच्या गावाहून बोलावलेला एक सर्पमित्र. त्याने लांब आकडीने बिळाचा तपास घेतला. आत कोणी नव्हते. मग आम्ही ते बीळ दगड आणि सिमेंटने बुजवले, भिंतीजवळचे तणीस आणि पोती बाहेर काढली, आणि शेजाऱ्याची एक जुनी खाट मागून आणली. आजीबाई खाटेवर झोपायला मुळीच तयार नव्हत्या. साठ वर्षे जमिनीवर झोपले, आता एवढ्या उंचावरून रात्री पडले तर उचलणार कोण, असे त्यांचे म्हणणे. मी पुष्कळ समजावले; सर्पमित्राने मण्यारीचे विष किती जहाल ते सांगून पाहिले; त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी ती पोर काही न बोलता खाटेवर चढली, भिंतीच्या बाजूला सरकून आडवी झाली आणि म्हणाली, "मी इकडून झोपतो, तू तिकडून. पडलीस तर मी धरीन."

आजीबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पाय पुसून वर चढल्या. पोरीने उठून मच्छरदाणी सोडली आणि तिच्या चारही कडा गादीखाली नीट खोचल्या. पायथ्याच्या बाजूला एक कड जरा सैल वाटली, ती पुन्हा काढून खोचली.